व्यायाम आणि आहार मार्गदर्शक व्हायचे असेल तर : शिक्षण, प्रमाणपत्रे आणि व्यवहार

मंडळाच्या शैक्षणिक मार्गदर्शनासाठी आम्ही रविवारी सकाळी बसायला लागलो, तेव्हा येणारे प्रश्न ठरलेले असत. बँकेच्या परीक्षा, सी.ए., इंजिनिअरिंगचे प्रवेश, फार तर परदेशी शिक्षणाचे कर्ज. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. एखादा मुलगा किंवा मुलगी, बहुधा घरी न सांगता आलेली, इतर मंडळी गेल्यावर हळूच विचारते, "काका, जिम ट्रेनर व्हायचं असेल तर काय शिकावं लागतं?" पुष्कळदा पुढे जोडलेले असते, "आणि डाएटचंही करायचं आहे."

आम्ही वाणिज्य शाखेचे. आयुष्य बँकेच्या टेबलामागे गेले, त्यामुळे सुरुवातीला आमच्याकडे याचे उत्तर नव्हते. मग अभ्यासक्रमांची माहितीपत्रके गोळा केली, या व्यवसायातल्या मुलांशी बोललो, विद्यापीठात शिकवणाऱ्या परिचितांना विचारले. त्यातून जमलेली माहिती येथे एकत्र देत आहोत. पालकांनीही ती वाचावी असे वाटते, कारण फी बहुतेक वेळा त्यांच्याच खात्यातून जाते.

बडोद्याला हा व्यवसाय नवा नाही

"जिममध्ये काम करतो" असे सांगितले की स्थळे पाहणारी मंडळी आजही जरा थबकतात. पण व्यायाम शिकवणाऱ्याला मान देणारे शहर म्हणून बडोद्याचे नाव पूर्वीपासून आहे. जुम्मादादांचा आखाडा आणि तो पुढे चालवणारे त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव ही नावे आपल्या आजोबांच्या पिढीत घरोघरी ठाऊक होती. माणिकरावांनी आखाड्यातला व्यायाम एकट्या पैलवानापुरता न ठेवता सांघिक रूपात आणला. शेकडो मुलांनी एका हुकमावर लाठी, लेझीम, जोर, बैठका करायच्या आणि ते हुकूम इंग्रजी नव्हे, देशी भाषेतले. शिवाय ते हाडवैद्य म्हणून प्रसिद्ध होते. निखळलेला सांधा बसवून घ्यायला लोक लांबून येत.

लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद हे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३चा, आपल्या जवळच्या डभोईचा. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्यात माणिकरावांकडे व्यायामाचे शिक्षण घेतले. पुढे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे ते योग शिकले आणि १९२४मध्ये कैवल्यधाम सुरू झाले. आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणांनी मोजून पाहायचे आणि लिहून ठेवायचे, हे त्या संस्थेचे वैशिष्ट्य. त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिकही निघाले. गुरूच्या शब्दाइतकीच मोजमापाचीही साक्ष घ्यायची, ही आजच्या व्यायामशास्त्राची वृत्ती आपल्या शेजारच्या गावात जन्मलेल्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी दाखवली होती.

द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेला दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' हाही बडोद्यातूनच निघाला. १९३६पासून १९४९पर्यंत हे काम चालले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, आहार, मालिश असे सगळे त्यात मराठीतून आहे. जुन्या ग्रंथालयात एखादा खंड सापडला तर या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलांनी जरूर चाळावा.

चार वाटा, ज्यांची लोक गल्लत करतात

आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ मुलांचा घोटाळा इथेच झालेला असतो, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने.

पहिली वाट शारीरिक शिक्षण शिक्षकाची. शाळेत पी.टी.चे सर किंवा बाई व्हायचे तर बी.पी.एड. ही पदवी लागते. ती शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या नियमांखाली येते. पदवीनंतर दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम आणि प्रवेशाच्या वेळी साधारणपणे मैदानावरची चाचणीही होते. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था या क्षेत्रातली नामवंत. १८५७च्या लढ्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९५७मध्ये, झाशीच्या राणीच्या नावाने ती सुरू झाली. १९९५मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ग्वाल्हेरला आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तेव्हा मुलाला तिकडे पाठवताना राहण्या-जेवण्याची चिंता कमी. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४पासूनचे. त्यांच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती. आपल्या जिल्ह्यात देसरला स्वर्णिम गुजरात क्रीडा विद्यापीठ झाले आहे, तेही विचारात घ्यावे.

दुसरी वाट योगशिक्षकाची. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतले योग प्रमाणन मंडळ पायरीपायरीने परीक्षा घेते. योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरसाठी २०० तास आणि योग वेलनेस इन्स्ट्रक्टरसाठी ४०० तास प्रशिक्षण अपेक्षित असते. पुढच्या पायऱ्यांना आणखी जास्त. पन्नाशीनंतर नवे काही करू पाहणाऱ्या भगिनींनाही ही वाट सोयीची आहे.

तिसरी वाट फिटनेस ट्रेनरची आणि चौथी आहारतज्ज्ञाची. या दोन वाटा एकच आहेत असे मुलांना वाटते, कारण जाहिरातीत "फिटनेस अँड न्यूट्रिशन" असे एका दमात लिहिलेले असते. प्रत्यक्षात एक वाट काही महिन्यांची आहे, तर दुसरी पाच-सहा वर्षांची.

फिटनेस ट्रेनरची प्रमाणपत्रे

डॉक्टर, वकील किंवा सी.ए. यांना परिषदेकडे नाव नोंदवल्याशिवाय काम करता येत नाही. जिम ट्रेनरला तसे बंधन आपल्याकडे नाही. त्यामुळे कोणीही ट्रेनर होऊ शकतो आणि कोणीही ट्रेनर घडवण्याची संस्था काढू शकतो. प्रमाणपत्राची किंमत ते देणाऱ्याच्या पतीवर ठरते. आमच्या भाषेत सांगायचे तर हुंडी कोणी लिहिली ते आधी पाहावे.

सरकारी बाजूने क्रीडा, शारीरिक शिक्षण, फिटनेस व विरंगुळा या क्षेत्राची कौशल्य परिषद आहे आणि तिने 'फिटनेस ट्रेनर' या कामाचे निकष ठरवलेले आहेत. व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद मान्य अभ्यासक्रमांची नोंदवही ठेवते. एखादी संस्था "गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड" म्हणत असेल तर त्या नोंदवहीत अभ्यासक्रमाचे नाव दाखवायला सांगावे. संस्थेचे दुकान-नोंदणी पत्र किंवा आय.एस.ओ.चा शिक्का म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे.

परदेशी संस्थांपैकी ए.सी.ई., ए.सी.एस.एम., एन.ए.एस.एम. आणि एन.एस.सी.ए. या चार अमेरिकन नावांना मोठ्या साखळी जिममध्ये वजन आहे. परीक्षा इंग्रजीत. ए.सी.ई.साठी वय १८ पूर्ण हवे आणि सी.पी.आर.चे चालू मुदतीचे प्रमाणपत्र हवे. मुलांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे ही प्रमाणपत्रे कायमची नसतात. ए.सी.ई. व एन.ए.एस.एम.ची दर दोन वर्षांनी, ए.सी.एस.एम.ची दर तीन वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागतात आणि त्यासाठी मधल्या काळात ठरावीक तास शिकत राहावे लागते. त्याचा खर्च वेगळा. एन.एस.सी.ए.चे खेळाडूंसाठीचे वरचे प्रमाणपत्र, सी.एस.सी.एस., यासाठी पदवी लागते, म्हणून कॉलेज सोडून ट्रेनर होऊ म्हणणाऱ्यांना आम्ही आधी पदवी पुरी करायला सांगतो.

एका ओळखीच्या कुटुंबातल्या मुलाची गोष्ट सांगतो. त्याने बी.कॉम.चे शेवटचे वर्ष सोडून एका संस्थेत नाव घातले. फी एकरकमी भरली, त्यातला निम्मा भाग आईची पाटली गहाण ठेवून. शिकवणी सगळी पडद्यावर. शेवटी घरबसल्या चाळीस प्रश्नांची परीक्षा आणि सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र. पहिल्याच मुलाखतीत जिमच्या व्यवस्थापकाने समोरच्या माणसाचे स्क्वॉट पाहून काय चुकते ते सांगायला सांगितले. त्याने आयुष्यात दुसऱ्याच्या शरीराला हात लावून काही दुरुस्त केलेले नव्हते. तो परत आला, आम्ही त्याला कॉलेजचे वर्ष पुरे करायला लावले, आणि मग एका जुन्या व्यायामशाळेत तो सहा महिने बिनपगारी राबला. आज तो चांगला ट्रेनर आहे. पाटली सुटायला मात्र दोन वर्षे लागली.

म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : प्रत्यक्ष सराव किती तास, तो कोणाच्या देखरेखीखाली, आणि मध्येच सोडल्यास फी परत मिळण्याचा नियम काय. "शंभर टक्के प्लेसमेंट" हे शब्द माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत असतात. तेच फीच्या पावतीवर लिहून द्या म्हटले की बोलण्याचा सूर बदलतो, हा आमचा अनुभव आहे.

शिकवतात काय

चांगल्या अभ्यासक्रमाची सुरुवात शरीररचनेने होते. स्नायू कुठे सुरू होतो, कुठल्या हाडाला जाऊन मिळतो, तो आखडला की कोणता सांधा वळतो. मग शरीरक्रिया : हृदय, श्वास, स्नायूंना ऊर्जा कशी मिळते. त्यानंतर व्यायामाची आखणी. आठवड्यातून किती वेळा, किती जोराने, किती वेळ आणि कोणत्या प्रकारचा, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक माणसासाठी वेगळी काढायला शिकवतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम अशी आहे. कमाटी बागेत रोज फेऱ्या मारणाऱ्या आपल्या मंडळींनी वाक्याचा दुसरा भाग पुन्हा वाचावा.

भार हळूहळू वाढवण्याचे तत्त्व हा या शास्त्राचा कणा आहे. आखाड्यात ते नियम म्हणून नसेल लिहिलेले, पण नव्या पोराला पहिल्याच दिवशी कोणी वस्ताद दोनशे बैठका मारू देत नसे. आज पैजेपायी कोणी तसे करतो, स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतले द्रव्य रक्तात उतरते, लघवी गडद तपकिरी होते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. हे ओळखून त्याला ताबडतोब रुग्णालयात पाठवणे ट्रेनरला आलेच पाहिजे. छातीदाबाचेही तसेच. मोठ्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली किमान पाच सेंटिमीटर. हे पुस्तकात वाचून येत नाही, पुतळ्यावर घाम गाळावा लागतो.

आणखी एक कौशल्य अभ्यासक्रमात असते आणि व्यवहारात गाळले जाते, ते म्हणजे व्यायाम सुरू करण्यापूर्वीची प्रश्नावली. छातीत दुखते का, चक्कर येते का, रक्तदाबाचे औषध चालू आहे का, सांध्याची तक्रार आहे का. एखाद्याचेही उत्तर होकारार्थी आले तर डॉक्टरांची चिठ्ठी आल्याशिवाय पुढे जायचे नाही.

याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. निवृत्तीनंतर वर्षभरात आमची साखर वाढलेली निघाली, गोळ्या सुरू झाल्या आणि मुलाच्या आग्रहावरून जवळच्या एका जिमचे सभासद झालो. तिथला तरुण ट्रेनर उत्साही आणि बोलायला गोड होता. त्याने पहिल्याच दिवशी भात, पोळी बंद करायला सांगितली आणि सकाळी उपाशीपोटी व्यायाम दिला. गोळ्या कोणत्या हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. नवव्या दिवशी घाम फुटून, हात थरथरून आम्ही तिथेच खाली बसलो. शेजारच्या सायकलवरच्या बाई परिचारिका होत्या, त्यांनी साखरेचे पाणी पाजले. डॉक्टर नंतर म्हणाले की आमच्या गोळ्यांच्या जातीत रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते, त्यात उपास आणि श्रम दोन्ही एकदम झाले. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. आपले काम कुठे संपते हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

आहाराची बाजू

ट्रेनरने आहाराबद्दल काय बोलावे आणि काय बोलू नये याची रेषा सरळ आहे. निरोगी माणसाला सर्वसाधारण सल्ला देता येतो : भाज्या वाढवा, तळलेले कमी करा, जेवणात डाळ-कडधान्य असू द्या, पाणी प्या. मधुमेही, मूत्रपिंडाचा रुग्ण, गर्भवती, थायरॉईडची औषधे घेणारा यांना रोजचा आहार लिहून देणे हे आहारतज्ज्ञाचे काम. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१मध्ये केंद्राने जो कायदा केला त्यात आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांचा समावेश आहे, तेव्हा या नावांचा वापर पुढे नियमात येत जाणार हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

ज्याला खरोखर आहारतज्ज्ञ व्हायचे आहे त्याने बारावीनंतर गृहविज्ञान किंवा पोषणशास्त्रातली पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण, मग रुग्णालयातली उमेदवारी असा मार्ग धरावा. त्यानंतर भारतीय आहारशास्त्र संघटनेची नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा देता येते. यासाठी बडोद्याच्या मुलीला गाव सोडायची गरज नाही (मुलांनाही प्रवेश असतो, पण अर्ज करणारे थोडे). महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९चे आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. त्यांच्याच काळात १९५०मध्ये गृहविज्ञान विद्याशाखा सुरू झाली. तिथला अन्न व पोषण विभाग देशभर ओळखला जातो. "होम सायन्स म्हणजे स्वयंपाक शिकवतात" असे म्हणणारे काका आजही भेटतात. त्यांनी एकदा त्या विभागाची प्रयोगशाळा पाहून यावी. नोकरी सांभाळून थोडे शिकायचे असेल तर इग्नूची पोषण व आरोग्य शिक्षणाची पदविका आहे. तिने ट्रेनरच्या ज्ञानात भर पडते, पण ती घेतल्याने कोणी आहारतज्ज्ञ होत नाही.

संदर्भासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची प्रकाशने वापरावीत. ही संस्था १९१८मध्ये कुन्नूरला मॅककॅरिसन यांच्या छोट्या प्रयोगशाळेपासून सुरू झाली, १९५८मध्ये हैदराबादला आली. भारतीय अन्नपदार्थांतील घटकांचे तिचे कोष्टक २०१७चे, पोषकतत्त्वांच्या गरजांचा अहवाल २०२०चा, आणि सर्वसामान्यांसाठीची १७ आहारसूत्रे २०२४ची. परदेशी ॲपमध्ये ज्वारीची भाकरी आणि थालीपीठ शोधत बसण्यापेक्षा हे बरे.

प्रथिनांचा हिशेब कसा करायचा ते एका उदाहरणाने पाहू, कारण ट्रेनरला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. संस्थेच्या अहवालाप्रमाणे प्रौढाला शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. जेवण मुख्यतः धान्यावर असेल, प्रथिनांचा दर्जा हलका असेल, तर एक ग्रॅम धरावे. म्हणजे ६० किलो वजनाच्या शाकाहारी बाईंना सुमारे ५० ते ६० ग्रॅम. आता जमेची बाजू. एक पेला दूध, २५० मिलिलिटर, ८ ग्रॅम. दोन वेळचे मिळून ६० ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीचे वरण, १३. तीन पोळ्या, ९. पन्नास ग्रॅम तांदळाचा भात, ४. शंभर ग्रॅम दही, ३. तीस ग्रॅम मुगाची उसळ, ७. मूठभर शेंगदाणे, ६. बेरीज ५०. ०.८३चा हिशेब जुळला, एक ग्रॅमच्या हिशेबाला दहाची तूट. ती आणखी एका वाटी उसळीने आणि थोड्या पनीरने भरून निघते. शिवाय धान्यात जे अमिनो आम्ल कमी पडते ते डाळीत असते आणि डाळीत कमी पडणारे धान्यात, त्यामुळे वरणभाताचा ताळेबंद आपोआप जुळतो.

मात्र घरोघरी हा हिशेब जुळत नाही हेही खरे. वरण पाण्यासारखे, उसळ आठवड्यातून एकदा आणि संध्याकाळी फरसाण, असा आपला बडोदेकरी बाणा. तिथे ट्रेनरने पावडरचा डबा पुढे करण्याआधी वरण घट्ट करायला सांगावे. जोरकस वजनाचा व्यायाम करणाऱ्याची गरज जास्त असते. क्रीडापोषणातले जाणकार किलोमागे १.४ ते २ ग्रॅमपर्यंत सांगतात. अशा वेळी पावडर ही सोय आहे, पाप नाही. डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक पाहावा आणि पक्के बिल घ्यावे. पावडर विकून ट्रेनरला दलाली मिळते, आणि जिथे सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच असतो तिथे सल्ल्याचे काय होते हे विमा-पॉलिसी घेतलेल्यांना वेगळे सांगायला नको. इंजेक्शनांबद्दल एवढेच : स्नायू फुगवणारी स्टेरॉईड्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे, आणि ट्रेनरने ती मिळवून देणे म्हणजे स्वतःहून पोलिसांच्या दारात जाणे.

कमाई, कर्ज आणि स्वतःची जिम

ट्रेनरचा दिवस दोन तुकड्यांत जातो. पहाटे साडेपाच ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दहा. मधले तास मोकळे, पण घरच्यांच्या वेळेशी न जुळणारे. मूळ पगार बेताचा असतो. खरी मिळकत वैयक्तिक शिकवणीतून होते आणि तिचा ठरावीक वाटा जिम ठेवून घेते. हा वाटा किती हे नेमणूकपत्रात लिहून घ्यावे. पगार रोखीने घेणाऱ्या मुलांना आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो की खात्यात घ्या, विवरणपत्र भरा. पाच वर्षांनी कर्ज मागायला जाल तेव्हा बँकेला तुमचे दंड दिसत नाहीत, कागद दिसतात.

अभ्यासक्रमाच्या फीसाठी कौशल्य कर्जाची योजना आहे. तिची मर्यादा २०२४मध्ये दीड लाखांवरून साडेसात लाखांपर्यंत वाढली. दागिने गहाण ठेवण्याआधी शाखेत जाऊन तिची चौकशी करावी. मात्र अभ्यासक्रम मान्य असावा लागतो, आणि इथे पुन्हा तीच नोंदवही कामाला येते. स्वतःची जिम काढायची तर मुद्रा कर्ज : ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. पूर्वीचे तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना आता २० लाखांपर्यंत मिळू शकते.

जिमच्या कर्जाचे अर्ज आम्ही सेवेत असताना पाहिले आहेत आणि बुडालेलीही पाहिली आहेत. बुडण्याचे कारण बहुधा यंत्रे महाग होती हे नसे. वार्षिक सभासदत्वाचे पैसे मालक कमाई समजून खर्च करी. जानेवारीत एखाद्याने वर्षाचे १२ हजार भरले तर जानेवारीअखेर मालकाने कमावलेले असतात फक्त एक हजार. उरलेले अकरा हजार हे सभासदाचे देणे आहे, पुढच्या अकरा महिन्यांच्या सेवेचे. नवरात्राआधीच्या दोन महिन्यांत बडोद्यातल्या जिम ओसंडून वाहतात, नऊ रात्री सगळे गरब्याला, आणि दिवाळीनंतर शुकशुकाट. भाडे आणि वीजबिल मात्र दर महिन्याला येते. हाती आलेल्या आगाऊ रकमेतून महिन्याचा हिस्सा तेवढाच चालू खात्यात घ्यावा, बाकीची वेगळी ठेवावी. यंत्रांवर विसंबू नये. जुन्या ट्रेडमिलला भंगारापेक्षा फार जास्त किंमत येत नाही.

करांबाबत, सेवाक्षेत्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जी.एस.टी. नोंदणी लागते. जिमवरचा दर सप्टेंबर २०२५पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, मात्र यंत्रखरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही. म्हणजे यंत्रे घेताना किंमत करासकट धरावी.

मुलींसाठी थोडे वेगळे

आपल्या समाजातल्या मुली या व्यवसायात येऊ लागल्या आहेत आणि त्यांना मागणी आहे. बायकांना, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा पाळी जाण्याच्या वयात, स्त्री ट्रेनर हवी असते. अनेक जणी जिममध्ये यायला तयार नसतात, घरी बोलावतात. घरी जाऊन शिकवणाऱ्या मुलीने पहिली भेट एकटीने करू नये, पत्ता आणि वेळ घरी सांगून ठेवावी, आणि पैसे महिन्याच्या सुरुवातीला घ्यावेत. बाळंतपणानंतरच्या व्यायामाला डॉक्टरांची लेखी परवानगी घ्यावीच घ्यावी. सासरच्यांनी "पोट लवकर आत जाऊ दे" असा आग्रह धरला तरी.

मंडळाच्या सभागृहात मंगळवारी व शुक्रवारी ज्येष्ठांसाठी जो व्यायामवर्ग चालतो तो आता वर उल्लेखलेला पाटलीवाला मुलगाच घेतो. पहिल्या दिवशी त्याने प्रत्येकाला कागद भरायला दिला. त्यात कोणत्या गोळ्या घेता, हा प्रश्न सर्वांत वर होता. आमच्या रकान्यात जागा अपुरी पडली, तेव्हा त्याने पाठीमागे लिहायला सांगितले आणि आमचे लिहून होईपर्यंत बाकीच्यांना थांबवून ठेवले.